गरम इंजिन, लांबलेला सेल्फ: 944 च्या इंधनदाबाच्या नोंदी

4 फेब्रुवारी 2024, रविवार

गाडी पोर्श 944, 1986 ची, 2479 सीसी, आठ व्हॉल्व्हची. तक्रार एकच. गरम गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटं ठेवली की पुन्हा चालू करताना आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. लागली की दोन-तीन सेकंद एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी डुगडुगते आणि मग काही झालंच नाही अशी चालते. सकाळी थंड असतानाही सेल्फ पूर्वीपेक्षा जरा जास्त लागतो, पण तेवढं चालवून घेता येतं.

ज्याला विचारावं त्याच्या तोंडी उत्तर तयार: पेट्रोलचा पंप गेला. आधीच्या मालकाच्या कागदांत डीएमई रिले (पंपाला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज देणारा स्विच) दोनदा आणि प्लग तीनदा बदलल्याची नोंद आहे. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. दाब मात्र कोणी एकदाही मोजलेला दिसत नाही. मी आधी मोजणार.

मला काय शोधायचंय ते लिहून ठेवतो, नाहीतर दाब दाखवणाऱ्या गेजवरचा आकडा बघून खूश होईन आणि तिथेच थांबेन. या गाडीत पंप मागे, टाकीखाली आहे. पंपाच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा), पुढे फिल्टर, मग धातूची नळी पुढे इंजिनापर्यंत, तिथून रबरी होज, मग फ्युएल रेल, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटून देणारी नळी. रेलवर पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर आणि दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर. जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत टाकीत. पंप चालू असताना दाब किती हा पहिला प्रश्न, आणि पंप बंद झाल्यावर तो किती वेळ टिकतो हा दुसरा. माझ्या तक्रारीचं मूळ दुसऱ्यात असावं असा संशय आहे. बंद केलेल्या इंजिनाची उष्णता वर चढते आणि रेल तापते. नळीत दाब असेल तर पेट्रोल द्रव राहतं, दाब पळाला तर त्याची वाफ होते. इंजेक्टरमधून द्रवाऐवजी वाफ गेली की इंजिनाला पुरेसं पेट्रोल मिळत नाही.

6 फेब्रुवारी

गेज अजून आलेलं नाही. तोवर होज बघायला बोनेट उघडलं, आणि बरं झालं उघडलं.

रेलला येणाऱ्या आणि रेलवरून परत जाणाऱ्या होज बाहेरून ठीक वाटतात. एलईडी टॉर्च तिरपी धरली, होज अगदी हलक्या हाताने वाकवली, तर धातूच्या कॉलरपाशी केसासारख्या चिरा उघडल्या. नख दाबलं तर रुतत नाही, प्लॅस्टिकवर दाबल्यासारखं वाटतं. परतीच्या होजवर एका जागी धूळ चिकटून काळपट गोल डाग झालाय. म्हणजे तिथून पेट्रोल झिरपतंय आणि त्यावर धूळ बसतेय. गाडीजवळ अधूनमधून यायचा तो वास मी इतके दिवस "जुनी गाडी आहे, यायचाच" म्हणून सोडून देत होतो.

म्हणजे दाब मोजणं लांबलं. गेज लावायचं तर रेलवरचा कॅप नट सोडवावा लागतो. नट सोडवताना रेल हलते, रेल हलली की होज हलते. इतकी वर्षं एकाच आकारात बसून वाळलेली होज अशा हलवण्यानेच फुटते. त्यात आपण मुद्दाम अडीच बार (म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण अडीच पट) दाब चढवणार, खाली एक्झॉस्ट. पेट्रोलला ठिणगी लागतेच असं नाही, 250-280 अंशांचा तापलेला पृष्ठभागही पुरतो, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीचं एक्झॉस्ट त्याहून कितीतरी गरम असतं. वाफेच्या पेटण्याचं तर विचारूच नका, उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं.

आधी होज, मग गेज. तोवर गाडी चालू करायची नाही. किल्ली घरात ठेवली.

10 फेब्रुवारी, शनिवार

होज आल्या. इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या, दोन्ही टोकांना नट असलेल्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची साधी पेट्रोल नळी आणि जुबिली क्लिप इथे चालत नाही. ती नळी या दाबासाठी बनलेलीच नसते.

दाब सोडण्याबद्दल थोडं. बऱ्याच गाड्यांत पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. या गाडीत तसं करून उपयोग नाही. डीएमई रिले पंपाला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला दोघांनाही वीज देतो, त्यामुळे तो उपटला की इंजिन त्याच क्षणी थांबतं आणि दाब जिथल्या तिथे राहतो. काढायचा तो फक्त पंपाचा फ्यूज. पण त्यासाठी इंजिन चालू करावं लागतं, आणि चिरलेल्या होजवर मला ते नको होतं. गाडी चार दिवस उभी होती, दाब तसाही उतरलेला असणार, पण असणार यावर विसंबायचं नव्हतं. म्हणून इंजिन गार, फ्यूज काढलेला, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून बाजूला बांधलेली, जोडावर जाड फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांवर बंद गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे अशा थाटात नट पाव फेरा सोडवला आणि थांबलो. बारीक फुस्स झालं. मग हळूहळू पूर्ण सोडवला. एवढं करूनही रेलमधून अंदाजे 30-40 मिली पेट्रोल आलंच. दाब शून्य झाला तरी नळी भरलेलीच असते.

सगळं उघड्यावर केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाऊन खड्ड्यात साचते. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून वारा येतोय, ही समजूत गुडघ्याखाली खरी ठरत नाही. आत पायलट ज्योतीचा हीटर, फ्रीज, बॅटरी चार्जर, यातलं काहीही पुरेसं आहे. अग्निशामक पावडरचा, पिन तपासून, गाडीपासून चार पावलांवर ठेवला. गाडीला टेकवून ठेवलेला अग्निशामक आग लागल्यावर आगीतच सापडतो.

ओली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. बाहेर दोरीवर पसरून वाळवली.

होज बसल्या. दोन पाने लागतात, एक नटावर आणि एक रेलच्या षटकोनावर. एकाच पान्याने केलं की रेल पिळवटते.

11 फेब्रुवारी

गेजची पेटी आली. दहा-बारा अडॅप्टर, एक होज, एक डायल. डायल 0 ते 7 बार. मला लागतो त्या दाबाच्या मानाने ही रेंज बरोबर आहे. 0 ते 20 चं गेज असतं तर दोन आणि अडीचमधला फरक नीट दिसला नसता.

पेटी थेट गाडीवर नेली नाही. आधी टेबलावर हवेने तपासली. होजचं टोक टायरच्या पंपाला जोडलं, 3 बार हवा भरली, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. डायलच्या मुळाशी फेस! नवं कोरं गेज, आणि पितळी जोडातून बुडबुडे. हवेचे बुडबुडे बघताना मजा वाटते. तेच पेट्रोल असतं तर फवारा बोनेटवर उडाला असता. जोड उघडला, आतला रबरी ओ-रिंग दुमडून बसवलेला निघाला. नवा घातला, पुन्हा 3 बार, अर्धा तास काटा हलला नाही.

टायरच्या दोन गेजांशी ताडून पाहिलं तर हे गेज 0.1 बार जास्त दाखवतं. डायलवर टेप लावून तसं लिहिलं. पुढचे सगळे आकडे हा फरक वजा करून दिले आहेत.

झटकन बसणारी कपलिंग पेटीत आहे, ती वापरणार नाही. धक्का लागला की सुटते. आट्याने बसणारं अडॅप्टरच घेणार. त्यावर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोहही आवरला. इथे सील होतं ते शंकूच्या बैठकीवर, आट्यांवर नाही. टेपची सुटलेली तार इंजेक्टरमध्ये जाऊन बसली की तो वेगळाच उद्योग.

17 फेब्रुवारी, शनिवार

मोजणीचा दिवस. भाचा मदतीला आला.

रेलच्या टोकाला कॅप नट असतो आणि त्याच्या आत एक लहानशी पोलादी गोळी. सील होतं ते त्या गोळीनेच. नट काढला की ती निसटून इंजिनाच्या पोटात कुठेतरी जाते आणि मग दिवसभर आपण लोहचुंबक घेऊन फिरतो. खाली फडकं पसरलं, चुंबक लावून ठेवलं. गोळी मात्र पेट्रोलच्या ओलाव्याने नटातच चिकटून आली. झाकणाच्या डबीत ठेवली, डबी खिशात.

पंप चालवायला रिले काढून त्याच्या जागी 30 आणि 87बी या दोन टोकांमध्ये तार जोडायची असते. पुष्कळ लोक नुसता तारेचा तुकडा खोचतात. मला ते पटत नाही. 30 ला वीज कायम असते, किल्लीचा संबंधच नाही. काही बिनसलं तर किल्ली काढूनही पंप ओततच राहणार, आणि ती तार उपटताना ठिणगी पडणार ती वेगळीच. मी लांब तार घेतली, मध्ये 15 अँपिअरचा फ्यूज आणि दाबलं तरच चालू राहणारं स्प्रिंगचं बटण. बटण हातातून सुटलं की पंप बंद. ते धरणारा माणूस गाडीपासून दूर. यात आणखी एक सोय अशी की रिले जागेवर नसल्याने कॉम्प्युटर झोपलेला राहतो, इंजेक्टर उघडत नाहीत आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल जात नाही.

भाच्याला सांगितलं, एकच शब्द, "सोड". "थांब", "अरे", "बघ बघ" यातलं काही नाही.

"मामा, आग दिसली तर ओरडू का?"

"आधी बटण सोड, मग खुशाल ओरड."

पहिल्यांदा फक्त दोन सेकंद. जोडांभोवती कोरडा कागदी रुमाल फिरवला. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. कोरडा. मग पाच सेकंद, पुन्हा कागद. मग सलग तीस.

दाब 2.5 बार. पुस्तिकेत 2.5, कमीजास्त 0.2. म्हणजे अगदी मधोमध.

इथेच थांबलो असतो तर "दाब बरोबर आहे, दोष दुसरीकडे" असं लिहून मोकळा झालो असतो. पुढे गेलो. रिले परत लावला, इंजिन चालू केलं. गेजची होज बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब नेली होती, डायल काचेवर बाहेरून टेपने चिकटवला होता. गाडी चालवत वाचता यावं म्हणून गेज आत केबिनमध्ये घेणारे लोक असतात. दाबाखालचं पेट्रोल मांडीवर घेऊन बसायचं धाडस माझ्यात नाही.

आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, 2.0. बरोबर. रेग्युलेटर दाब मोजतो तो मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, तुलनेत. आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, तो रेग्युलेटरच्या स्प्रिंगला ओढून धरतो आणि रेलमधला दाब तेवढाच खाली येतो. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक मात्र कायम राहतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली, काटा 2.5 वर. नळीच्या आत पेट्रोलचा वास नाही, ओल नाही, म्हणजे रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटलेला नाही. नळी परत लावली, ॲक्सिलरेटर झटकन दाबला, काटा क्षणभर वर जाऊन परत आला.

मग इंजिन बंद केलं आणि घड्याळ धरलं.

एक मिनिटाने 1.2. तीन मिनिटांनी 0.7. दहा मिनिटांनी 0.2. वीस मिनिटांनी काटा टेकलेला.

भाचा म्हणाला, "पळालं की सगळं." पळालंच होतं.

18 फेब्रुवारी

पळालं कुठे? वाटा तीन. मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून टाकीकडे, रेग्युलेटरमधून परतीच्या नळीत, किंवा गळक्या इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये. गाडीबाहेर गळत नाही हे कालच्या कागदाने सांगितलं.

पद्धत अशी की दाब चढवायचा, पंप बंद करायचा आणि लगेच एक वाट गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबून धरायची. मग दाब टिकतो का ते बघायचं. हे मी फक्त नव्या होजच्या उघड्या रबरावर केलं, कारण तिची तब्येत मला माहीत आहे. जुन्या होजवर, धातूची जाळी असलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर कदापि नाही. दातेरी चिमटा तर जवळही आणू नये. आणि परतीची वाट पंप चालू असताना दाबायची नाही. पंपाला जायला जागा उरली नाही की काटा बघता बघता पाचच्या वर जातो.

परतीची दाबली: पंप बंद झाल्यापासून दहा मिनिटांनी 0.2. कालच्यासारखंच. रेग्युलेटर संशयातून सुटला.

येणारी दाबली: दहा मिनिटांनी 2.3. खात्रीसाठी पुन्हा केलं, पुन्हा 2.3. इंजेक्टर गळत असते तर क्लॅम्प लावूनही पडला असता. उरला मागचा व्हॉल्व्ह.

लोक म्हणतात तसा पंप गेलाय का, तेही आजच मोजून टाकलं. परतीची नळी सोडून धातूच्या डब्यात, तीस सेकंद. दाबाच्या चाचणीपेक्षा मला ही जास्त भीतीची वाटते, कारण इथे जवळजवळ लिटरभर पेट्रोल उघड्यावर येतं. डबा जमिनीवर ठेवला, प्लॅस्टिकच्या स्टुलावर नाही. डब्याला आणि गाडीच्या बॉडीला एक तार जोडली, वाहत्या पेट्रोलाने साठणारी स्थिर वीज निघून जावी म्हणून. जोडून झाल्यावरच पंप चालू. 910 मिली निघालं. पुस्तिकेत किमान 850. पंप म्हातारा असेल, पण कामाचा आहे.

डब्यातलं पेट्रोल गाळून परत टाकीत. हात धुतले, कपडे बाहेरच बदलले.

3 मार्च, रविवार

व्हॉल्व्ह, फिल्टर आणि नवे वॉशर आले. टाकी मुद्दाम पावच्या खाली आणली होती.

गाडी मागून चार स्टँडवर. पंपाचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की पंप आणि फिल्टर शेजारी शेजारी दिसतात. दाब सोडला, बॅटरी सोडली, तेच सगळं पुन्हा. गाडीखाली एक गोष्ट नवी असते: सगळं पेट्रोल कोपराकडे ओघळतं आणि बाहीतून काखेत जातं. काखेतलं पेट्रोल पंधरा मिनिटांत भाजल्यासारखं झोंबतं. आडवं पडून काम करायचं तर जोडाच्या बरोबर खाली नाही, बाजूला पडायचं. हे मला नट सोडवल्यानंतर आठवलं.

व्हॉल्व्ह बदलायला वीस मिनिटं, पान्याला जागा करायला दीड तास.

पुन्हा तोच क्रम, दोन सेकंद, कागद, पाच सेकंद, कागद. या वेळी भाचा मागे बसून मागचे जोड बघत होता, बटण माझ्या हातात. फिल्टरच्या पुढच्या जोडावर कागद ओला झाला. नट अर्ध्या पावाने घट्ट केला, पुन्हा कागद, कोरडा.

चालू पंपाचा दाब 2.5. आयडल 2.0. बंद केल्यावर दहा मिनिटांनी 2.0, वीस मिनिटांनी 1.9.

गेज काढलं. गोळी खिशातल्या डबीतून परत तिच्या जागी, नट दोन पान्यांनी. नट बसल्यावर पुन्हा दोन सेकंद पंप आणि कागद. गेज निघाल्यावर लोक हे तपासत नाहीत, आणि गाडी आता याच जोडावर धावणार असते.

चाळीस मिनिटं फिरवून आणली. बंद करून वीस मिनिटं थांबलो. किल्ली फिरवली, दीड फेऱ्यात लागली. भाच्याने पुन्हा बंद करायला लावली, त्याला स्वतः करून बघायचं होतं.

7 मार्च

जुना व्हॉल्व्ह चार दिवस बाहेर वाळत ठेवला होता. आज टेबलावर घेऊन पंपाने उलटी हवा दिली, दुसरं टोक पाण्यात. बुडबुडे संथ, पण सलग. चिमटीने आत टोचून पाहिलं तर बैठकीवर राईच्या दाण्याएवढे काळे कण, दोन. बोटावर चोळले तर डाग पडला. रबर आहे.

पंपाच्या मागे रबर एकाच ठिकाणी आहे, टाकीतून पंपाला येणारी जाड होज. बाहेरून ती मला 3 तारखेला चांगली वाटली होती. आतून सोलत असणार. पंपाचा ओढा तिच्यावर असतो, दाब नाही, म्हणून ती गळत नाही आणि कोणाच्या नजरेत येत नाही. पण एक दिवस तिचा पापुद्रा पंपात जाणार, किंवा नव्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसणार.

होज मागवली, सोबत टाकीतली जाळीही. ती बदलायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल, आत्ता अंदाजे दहा लिटर आहे. तोवर गाडी उभी. किल्ली पुन्हा घरात.